गुडघ्याचं कारण

९ एप्रिल

मास्तर,

वर 'सप्रेम' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसू नये म्हणून हा दुसरा कागद घेतला. फोनच करणार होतो, पण फोनवर तू विषय बदलतोस. नातवाचं काहीतरी काढतोस, नाहीतर 'हॅलो हॅलो, ऐकू येत नाही' म्हणून ठेवून देतोस. कागद तसा ठेवून देता येत नाही.

काल वहिनी येऊन गेल्या. बहिणीकडे आल्या होत्या, जाता जाता मला बघायला आल्या. घरी परतल्यावर त्यांनी तुला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, म्हणून जे झालं ते मीच सांगतो.

मी आतल्या खोलीत पडलो होतो, दार नुसतं लोटलेलं. ऑपरेशनला दीड महिना झाला. लघवीची नळी काढली त्या दिवसापासून मी गळतोय. उठलो की गळतं, शिंकलो की गळतं, हसलो की गळतं, म्हणून हसणं बंद केलंय. हे घराबाहेर कुणाला सांगायचं नाही असं आम्हा नवराबायकोचं ठरलं होतं. पण वहिनींनी 'कसं आहे आता भावजींचं?' एवढं विचारलं आणि आमची ही रडायलाच लागली. 'कसलं काय हो. थांबतच नाही. गादी उन्हात टाकून टाकून माझे हात गेले.'

त्यावर वहिनी काय म्हणाल्या सांगू? भाजीचा भाव सांगावा तशा सहज म्हणाल्या, 'गादीवर आधी रबरी कापड घाला आणि वर जुनी सुती चादर. आमच्याकडे सहा वर्षं तेच चाललंय.'

मग बाहेर बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. आणि मग दबक्या आवाजात, 'अहो, मी बोलले हे यांना कळू देऊ नका. भावजींना तर नकोच नको.'

भावजींनी ऐकलं होतं.

सहा वर्षं, मास्तर! तुझी प्रोस्टेटची गाठ काढली त्याला सहा वर्षं झाली. म्हणजे तेव्हापासून. तू पुन्हा बॅडमिंटन खेळायला आला नाहीस, म्हणालास गुडघा गेला. मी तुला गुडघ्याचे तीन डॉक्टर सुचवले. मोहरीच्या तेलाची बाटली घेऊन तुझ्या घरी आलो, आठवतं? तू खुर्चीत बसून पँट गुडघ्यापर्यंत वर केलीस आणि मला चोळू दिलंस. चांगल्या धडधाकट गुडघ्याला मी अर्धा तास तेल चोळत होतो आणि तू 'जरा डावीकडे' म्हणत होतास.

आणि पँटी! तुझ्या सगळ्या पँटी मी शिवल्या. आयुष्यभर बिस्किटी आणि राखाडी घालणारा माणूस अचानक काळ्याशिवाय कापड बघेना. 'बैठकीत सैल ठेव रे, वजन वाढलंय,' म्हणालास. टेप माझ्या हातात होती, वजन कुठं वाढलं होतं? मी म्हणालो, 'रोज काय मयताला जायचंय का तुला?' तू केवढ्यानं हसलास. त्या हसण्यानं तुझं काय होत असेल ते आज मला कळतंय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हणालो असतो, झाकलेली मूठ आहे, ज्याची त्याची लाज. पण जानेवारीत तपासणीत माझीही तीच गाठ निघाली तेव्हा मी पहिला फोन कुणाला केला? बायकोच्या आधी तुला केला. सर्जन म्हणाले होते, 'नंतर काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही, काहींना जास्त त्रास होतो. आमच्याकडे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम आहेत, ऑपरेशनच्या आधीच त्यांना भेटून घ्या.' मी तुला विचारलं. तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. 'डॉक्टर लोक असंच घाबरवून ठेवतात. मला काहीसुद्धा झालं नाही. आठ दिवसांत टुणटुणीत. आणि ते व्यायाम बाळंतिणींचे असतात रे, पुरुषांना काय करायचेत?'

मी सर्जनचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं.

केसानं गळा कापलास.

टेलर


२ मे

मास्तर,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी आणि खाली सही, जणू शाळेचा दाखला. 'तू घाबरू नयेस म्हणून बोललो नाही. मनावर घेऊ नकोस. तब्येतीला जप.'

घाबरलो असतो. मग? घाबरून मॅडमकडे गेलो असतो.

तू मनावर घेऊ नकोस म्हणतोस, म्हणून परवा दुकानात काय झालं ते ऐक. एक नवरा मुलगा आला होता सुटाचं माप द्यायला. बरोबर त्याचे वडील, काका आणि होणारा सासरा, सगळे कोचावर ओळीनं बसलेले. मी उकिडवा बसून पायाचं माप घेतलं. उठताना कळ दाबावी तसं सुटलं. आत जे घातलं होतं ते कमी पडलं, कारण सकाळपासून बदलायला वेळ मिळाला नव्हता. मी कटिंगच्या टेबलाकडे तोंड करून उभा राहिलो आणि आकडे लिहायचं सोंग करत होतो. पाठीमागून काका म्हणाले, 'टेलरसाहेब, जरा कापड दाखवा की इकडे आणून.'

टेबलावर पाण्याचा तांब्या होता. मी तो कोपरानं पाडला, माझ्याच अंगावर. सगळा. 'अरे अरे, वय झालं बघा, हाताला धर राहिला नाही,' असं म्हणत हसत हसत आत गेलो. मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाला टेकून ओल्या कपड्यांत उभा होतो आणि मनात एकच विचार होता, की मास्तरनं सहा वर्षांत असे किती तांब्ये पाडले असतील! तुझ्या घरी एकदा टीपॉयवर चहा सांडला होता आणि तू ताडकन आत निघून गेला होतास. मी वहिनींना म्हणालो होतो, 'केवढा चिडतो हो हा हल्ली.'

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि मॅडमकडे गेलो.

वयानं माझ्या मुलीएवढी असेल. मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत बोललो. ती काही लिहीत बसली नाही, सरळ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, 'काका, चारचौघांत बसलात आणि वारा सरायची वेळ आली, तर काय करता?'

मी म्हणालो, 'आवरून धरतो.'

'कशानं?'

मी पुन्हा हाडांच्या चित्राकडे बघितलं. ती म्हणाली, 'जिथून आवरून धरता, तो स्नायू. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखा असतो. गाठ काढली तेव्हा लघवी धरून ठेवणारी एक झडप कमी झाली, आता सगळा भार या झोळीवर आहे. तिला बळकट करायचं. मागून आवळा, मग पुढून आत ओढून घ्या, जशी धार मध्येच थांबवतो तसं. पोट आत घ्यायचं नाही, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास चालू.'

मी आवळलं. ती म्हणाली, 'काका, भुवया खाली घ्या. भुवयांनी लघवी थांबत नाही.'

इतक्या दिवसांनी खरं हसलो आणि अर्थातच थोडं गळलं. तिच्या ते लक्षात आलं असणार, पण तिनं तसं दाखवलं नाही. मग सावकाश शिकवलं. आवळून धरायचं, मग पूर्ण सोडायचं, कारण सैल सोडणं हेही तेवढंच महत्त्वाचं. मग पटापट, मग पुन्हा सावकाश. आधी निजून, मग बसून, मग उभ्यानं. उठायच्या आधी, खोकायच्या आधी, वजन उचलायच्या आधी आवळायचं. 'लगेच गुण येणार नाही,' म्हणाली, 'महिने लागतील. कंटाळू नका.'

निघताना तिनं विचारलं, 'सर्जननी तुम्हाला ऑपरेशनच्या आधीच माझ्याकडे पाठवलं होतं ना? आला असतात तर स्नायू तयार झाले असते. बऱ्याच जणांना त्याचा फायदा होतो. का नाही आलात?'

मी म्हणालो, 'एका मित्रानं सांगितलं, गरज नाही.'

ती म्हणाली, 'त्यांना ठाऊक नसेल.'

मी 'हो' म्हणालो. तुझी बाजू सावरायची सवय इतक्या वर्षांची, तोंडातून आपोआप गेलं. रस्त्यावर आल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

टेलर


१६ जुलै

मास्तर,

या वेळी मोठं पत्र लिहिलंस. तीनदा वाचलं. पहिल्यांदा दुकानात, मग घरी, मग हिला वाचून दाखवायला घेतलं आणि शेवटच्या पानावर थांबलो. तो भाग तिला वाचून दाखवला नाही.

आधीचा भाग मला समजला. तूही त्याच दवाखान्यात गेला होतास, तेव्हा या मॅडमच्या आधीच्या कुणी होत्या, त्यांनी 'आवळा' म्हटल्यावर तू चष्मा विसरल्याचं सांगून जो उठलास तो परत गेलाच नाहीस. वर्गातल्या साठ पोरांना नजरेनं गप्प करणारा माणूस एका बाईसमोर तसा बसू शकला नाही. समजलं. गावात कुणाला कळू नये म्हणून पॅड आणायला दोन बस बदलून लांबच्या दुकानात जायचास. हेही समजलं. मुलाकडे राहायला गेलास तेही नातवासाठी नव्हे, इथं रोज आपण भेटणार, रोज मी 'चल, नुसता बघायला तरी चल' म्हणणार, म्हणून. सहा वर्षं तू माझ्यापासून पळत होतास आणि मी तेलाची बाटली घेऊन तुझ्या मागे.

पण शेवटचं पान! ते तुझ्याच शब्दांत इथं उतरवतो, म्हणजे आपण काय लिहून बसलो ते तुला दिसेल. 'तू विचारलंस तेव्हा खरं सांगितलं असतं तर तू बरा होऊन निघाला असतास, आणि मग मी एकटाच राहिलो असतो. आणि खरं सांगू? तुलाही होतंय हे कळलं तेव्हा वाईट वाटलंच, पण त्याच्या आधी, क्षणभर, बरं वाटलं.'

खरं बोललास, त्याबद्दल तुला मानतो. सहा वर्षांत पहिल्यांदा खरं बोललास आणि बोललास ते असं.

मास्तर, मी तुझा डबल्सचा पार्टनर होतो. वीस वर्षं एका जाळीच्या एकाच बाजूला उभे राहिलो. तू पुढे, मी मागे. मागे येणारं शटल मी बघेन या भरवशावर तू कधी मान वळवली नाहीस. या वेळी माझ्या मागून काय येतंय ते तुला दिसत होतं. तू बाजूला झालास, आणि मला लागल्यावर तुला बरं वाटलं.

मला राग आलाय म्हणणं आता पुरत नाही. उसवलेलं शिवता येतं. कापडच विरलं तर टाका कुठं घालायचा?

माझं विचारलं होतंस. मॅडम सांगतात ते करतो. कापड बेतताना, बटणं लावताना, बस थांब्यावर. कुणाला कळत नाही. दुपारपर्यंत आता कोरडा असतो, संध्याकाळी थकवा आला की घोटाळा होतो. जाड पॅडवरून पातळावर आलो. एवढं पुरे.

टेलर


२५ ऑक्टोबर

मास्तर,

मधली तुझी दोन पत्रं आली. उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आज लिहितोय ते एक गोष्ट घडली म्हणून, आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून.

महिन्याभरापासून मी पुन्हा हॉलवर जातो. पातळ पॅड लावतो, उडी मारत नाही, पण खेळतो. तिथं तो बँकवाला आठवतो ना, हरला की रॅकेटच्या जाळीकडे बघत बसणारा? परवा खेळ झाल्यावर तो बाकावर माझ्याजवळ सरकला. बुटाची नाडी सोडतोय, पुन्हा बांधतोय. म्हणाला, 'टेलरसाहेब, तुमचं ते ऑपरेशन झालं होतं ना? माझंही तेच निघालंय. पुढच्या महिन्याच्या शेवटी करायचं म्हणतात. काही होत नाही ना नंतर?'

तोंडाशी आलं होतं, 'काही होत नाही हो.' अगदी जिभेच्या टोकावर. किती सोपं होतं! तो हसला असता, मी हसलो असतो, पाठीवर थाप मारली असती. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती तुलाच सांगता येते. वाटलं, चला, आपल्याला सोबत होईल.

मास्तर, मला ते वाटलं. म्हणजे तुला जे वाटलं ते काय होतं, हे मी आता आतून ओळखतो. पण एक लक्षात घे. वाटणं वेगळं आणि करणं वेगळं. आजवर मला वाटायचं की तू ते केलंस कारण तुला दुसरं काही सुचलं नाही. आता कळलं की दुसरं सुचतं. तिथंच असतं, त्याच बाकावर, फक्त ते बोलताना कान तापतात.

मी बोललो. सगळं सांगितलं. तांब्याचंही सांगितलं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, 'अहो, लोक म्हणतात काही होत नाही.'

मी म्हणालो, 'मलाही एकानं सांगितलं होतं.'

'कुणी?'

तुझं नाव त्याला ठाऊक आहे, तो तुझ्याशी खेळलाय. मी सांगितलं नाही. हे उपकार म्हणून सांगत नाहीये. नाव घेतलं असतं तर तो हळहळला असता, 'अरेरे, मास्तरांना पण!' म्हणाला असता, आणि तुझी कीव करणारा आणखी एक झाला असता. तेवढं मला नको होतं.

तो नमस्कार न करताच निघून गेला. मला वाटलं, झालं, घाबरवून सोडलं बिचाऱ्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं तोच हा समोर उभा. म्हणाला, 'त्या मॅडम कुठल्या वेळेला असतात? आणि तुम्ही याल का बरोबर? मी एकटा गेलो तर दारातूनच परत येईन.'

गेलो बरोबर. बाहेर बसलो. आतून मॅडमचा आवाज आला, 'भुवया खाली, काका.'

टेलर


३ फेब्रुवारी

मास्तर,

बँकवाल्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. मागच्या आठवड्यात हॉलवर आला, नुसता बघायला. मी बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, 'पहिले काही आठवडे गळलं. आता जोरात शिंकलो तरच, तेही थेंबभर. मॅडमनी आधीच तयारी करून घेतली होती ना. तुमच्यामुळे, टेलरसाहेब.' आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

मी 'वा वा' म्हणालो. मग कपडे बदलायच्या खोलीत गेलो आणि बाकावर बसून राहिलो. मला त्याचा हेवा वाटला. एवढा की घाम आला. मॅडम म्हणतात तुलना करू नका, एकाचं शरीर दुसऱ्यासारखं नसतं, कदाचित तो तसाही लवकर बरा झाला असता. असेल. पण माझ्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते तेव्हा मी इस्त्रीच्या टेबलाला टेकून ओला उभा होतो. त्या हेव्याच्या तळाशी तू होतास.

हे सगळं तुला तू यायच्या आधी लिहिणार होतो. राहून गेलं. तू आधीच आलास.

परवा दुपारी तू दुकानाच्या पायरीशी उभा होतास. मी गिऱ्हाइकाची बाही लावत होतो. तू आत आला नाहीस आणि मीही 'ये' म्हणालो नाही. गिऱ्हाईक गेलं तेव्हा तू म्हणालास, 'मॅडमकडे नेशील?' एवढंच. माफी मागितली नाहीस. बरं केलंस. मागितली असतीस तर मी भांडलो असतो.

वाटेत आपण हवेवर बोललो. तू म्हणालास इकडे थंडी कमी आहे, मी म्हणालो यंदा कमीच होती. वीस वर्षांचे दोस्त!

दवाखान्याच्या बाकावर तुझा नंबर यायची वाट बघत बसलो होतो. समोर एक बाई बसली होती, पोटुशी, आणि तिच्या शेजारी काठी घेतलेली एक आजी. तू त्या दाराकडे बघत होतास, असा बघत होतास की मला वाटलं, आता उठणार आणि चष्म्याचं काहीतरी सांगणार. चष्मा तुझ्या डोळ्यांवरच होता. तू उठला नाहीस. बाकावर माझा हात होता, त्यावर तू हात ठेवलास आणि घट्ट धरलास.

मी हात काढून घेतला नाही. पण माझी बोटं मिटली नाहीत, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. मुद्दाम नव्हतं. मिटेनात.

मग तुझं नाव पुकारलं आणि तू आत गेलास. बराच वेळ होतास. बाहेर आलास तेव्हा डोळे लाल होते, आणि म्हणालास, 'उशीर झालाय म्हणतात, पण उपयोग होणारच नाही असं नाही. नाही झाला तर दुसरेही उपाय आहेत म्हणतात. सहा वर्षं घालवली रे.' मी बस थांब्यापर्यंत बरोबर आलो, बस येईपर्यंत थांबलो.

मॅडमनी तुला पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. ये. दाराशी घाबरशील असं वाटलं तर मला कळव, मी बाकावर येऊन बसेन. हॉलवरचं विचारत होतास, तर आता माझ्या पुढे बँकवाला खेळणार आहे. त्याला बरं वाटेल तेव्हा सुरू करू, ठरलंय आमचं.

आणि तेव्हाच्या मुक्कामाचं. हिनं वहिनींना फोन करून 'थेट आमच्याकडेच उतरा' म्हणून सांगितलंय, ते मला कालच कळलं. तिचं मन मोठं आहे. पण ते बोलावणं तिचं, माझं नाही. अजून नाही.

टेलर